खालचा स्वर हलतो तेव्हा

‘अमर अकबर अँथनी’मध्ये (1977) अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन स्वतःचं नाव सांगतो. ते नाव एका हयात संगीतकाराचं होतं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल शर्मांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना दिलेली ती दक्षिणा. किस्सा गोड आहे आणि वारंवार सांगितला जातो. माझी तक्रार एवढीच की तो सांगून झाला की सगळे थांबतात. अँथनी गोन्साल्विस यांनी स्वतः काय लिहिलं, याकडे कुणी वळत नाही.

जन्म 1927चा, दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचा. कान चर्चच्या संगीतात तयार झाला. 1943 साली मुंबईला आले, नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले, पुढे संयोजकही झाले. घरी शिकवण्या चालत. शिष्यांत प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन. त्या काळी बऱ्याच संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलेखन येत नसे. ते चाल गाऊन दाखवत. ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकाच्या हाती त्याचा भाग देण्याचं काम बहुधा गोवेकर संयोजकांचं. श्रेयनामावलीत त्यांचं नाव क्वचितच. अनुवादकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गोन्साल्विस मात्र संयोजनावर समाधानी नव्हते. 1958 साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकातल्या त्याच्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. सारंग आणि तोडीवर बेतलेल्या वाद्यवृंद-रचना त्यांनी लिहिल्या. यातली खरी अडचण खालच्या स्वराची आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज हलत नाही. राग त्याच्याशी नातं सांगत उभा राहतो. हार्मनीत बेस चालत राहतो. वर गायकाने सा धरून ठेवला आणि खाली बेस मध्यमावर आला, तर तोच सा त्याचा पंचम होतो. कोमल धैवतावर गेला, तर गांधार. वरचा स्वर तसूभर हललेला नसतो, अर्थ मात्र बदललेला असतो.

इथे बेंगळुरूत कन्नडमधून मराठीत अनुवाद करताना मला हे रोज भेटतं. ‘अवसर’ दोन्ही भाषांत आहे. मराठीत ती संधी, कन्नडमध्ये घाई. शब्द जसाच्या तसा उचलला की फसगत ठरलेली. म्हणून वर राग आणि खाली चार कॉर्ड मांडून झालेल्या फ्यूजनबद्दल मला फारसं कौतुक नाही. तिथे हा पेच कुणाला जाणवलेलाच नसतो. (आपल्या चित्रपटगीतांनी तो पुष्कळदा सफाईने टाळला, पण तीन मिनिटांत टाळणं सोपं जातं.) कन्सर्टोच्या लांबीत सुटका नसते, आणि गोन्साल्विस यांनी तीच लांबी पत्करली.

1965 साली सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले; परतल्यावर गोव्यात राहिले, चित्रपटसृष्टीत पुन्हा आले नाहीत. जानेवारी 2012मध्ये गेले. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, हे मराठी समीक्षेच्या खात्यावर जमा. पण मला त्या रचना मैफलीत ऐकायला मिळालेल्या नाहीत. मुंबईत 2006पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याने सारंगचा कन्सर्टो वाजवावा; बेस हलल्यावर सारंग सारंग राहतो का, यावर मग वाद घालता येईल.