अयूबखानी घटनेतील विधानसभा

पाकिस्तानच्या १९६२ च्या राज्यघटनेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तिने निर्माण केलेली राष्ट्रीय विधानसभा ही केवळ शोभेची वस्तू होती, असा तो आक्षेप. तो निराधार नाही. परंतु अपुरा आहे. नुसती शोभाच हवी असती, तर तिच्याभोवती इतके बारकाईचे बंध घालण्याचे प्रयोजन नव्हते.

ही घटना फील्ड मार्शल अयूबखान यांनी स्वतःच्या नावाने, प्रथमपुरुषी एकवचनात जाहीर केली. विधानसभेच्या १५६ जागांपैकी स्त्रियांसाठी राखलेल्या ६ जागा सोडल्यास उरलेले सभासद प्रौढ मतदारांनी नव्हे, तर ‘मूलभूत लोकशाही’च्या ८०,००० प्रतिनिधींनी निवडावयाचे होते. राष्ट्राध्यक्षाचा मतदारसंघही तोच. तेव्हा राष्ट्राध्यक्षापेक्षा आपण लोकांच्या अधिक जवळचे आहोत, असा दावा करण्याची सोय सभेला राहिली नाही.

घटनेचे खरे स्वरूप उघड होते ते अर्थविषयक कलमांत. पूर्वी मान्य झालेल्या चालू खर्चावर सभेने चर्चा करावी, मत देऊ नये. मतास यावयाचा तो फक्त नवा खर्च. सैन्याचा नित्याचा खर्च अशा रीतीने मतदानाबाहेर राहिला. इंग्लंडमध्ये पार्लमेंटने राजाला नमविले ते पैशाची थैली अडवून धरून. येथे ती थैली सभेला लांबूनच पाहावयाची होती. राष्ट्राध्यक्षास पदच्युत करण्यासाठी तीन-चतुर्थांश मते लागावीत, हे समजण्यासारखे आहे. परंतु ठरावास एकूण सभासदांपैकी निम्म्यांचाही पाठिंबा न मिळाल्यास तो आणणाऱ्यांचेच सभासदत्व जावे, ही तरतूद अजबच म्हटली पाहिजे. राष्ट्राध्यक्ष स्वतः त्या दर्जाचा सेनाधिकारी नसेल, तर पहिली वीस वर्षे संरक्षणमंत्री लेफ्टनंट जनरलच्या खालच्या दर्जाचा नसावा, असेही बंधन होते.

तरीही सभा मुकी राहिली नाही. ८ जून १९६२ रोजी ती रावळपिंडीत भरली. सभापतिपदी तमीझुद्दीन खान आले. १९५४ मध्ये संविधान सभा बरखास्त झाली, तेव्हा न्यायालयात गेलेले तेच हे गृहस्थ. पक्षांवाचून निवडलेल्या या सभेने त्याच वर्षी पक्षांना मान्यता देणारा कायदा केला. (पुढे खुद्द अयूबखानांनाही पक्षाची गरज भासली, ही गोष्ट वेगळी.) पहिल्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांना न्यायालयाचे संरक्षण मिळाले, हे तर तिचे निर्विवाद श्रेय. मंत्र्यांनी सभासदत्व सोडावे, असे घटना सांगत असता ते राखण्याची मुभा देणारा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये अवैध ठरविला.

मात्र हे यश कायद्याच्या क्षेत्रातले. सत्तेच्या क्षेत्रातले नव्हे. २५ मार्च १९६९ रोजी अयूबखान पायउतार झाले. घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षपदाचा कारभार सभापती अब्दुल जब्बार खान या पूर्व पाकिस्तानी गृहस्थाकडे जावयास हवा होता. अयूबखानांनी तो सरसेनापती याह्याखान यांच्या हवाली केला. याह्याखानांनी त्याच दिवशी घटना रद्द केली, आणि तिच्याबरोबर विधानसभाही संपली.