दप्तर आणि गाव : धुळ्याच्या राजवाडे मंडळाच्या उद्दिष्टाचा पुनर्विचार

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. लगेच १९२७ मध्ये भास्कर वामन भट प्रभृतींच्या पुढाकाराने तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० साली स्थापना करणाऱ्या या पुरुषाचे जिवंत स्मारक खानदेशात व्हावे, हा केवळ योगायोग नव्हे. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने १८९३ पासून धुळ्यात हस्तलिखिते मिळवून ती छापण्याची परंपरा रुजविली होती. मंडळाला भूमी तयार मिळाली.

मंडळाची कामगिरी निःसंशय मोलाची आहे. राजवाड्यांच्या अप्रकाशित टिपणांतून कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादिलेला धातुकोश १९३७ मध्ये व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये निघाला. १९३२ पासून ‘संशोधक’ हे त्रैमासिक चालू झाले. पुढे १९९० च्या दशकात मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली समग्र राजवाडे साहित्याचे १३ खंड प्रसिद्ध झाले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थेने, तुटपुंज्या साधनांवर, हे पार पाडावे याचे कौतुक व्हावयासच हवे. तथापि या यादीकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट खटकते. मोठी प्रकाशने बहुतांशी राजवाड्यांच्याच लेखनाची आहेत. राजवाड्यांचे लेखन जपणे आणि त्यांचे कार्य पुढे चालविणे ही दोन वेगळी कामे होत. पहिल्याच्या मानाने दुसरे मागे पडले असे म्हणणे भाग आहे.

राजवाड्यांचे कार्य म्हणजे पायपीट. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड वाड्यांच्या माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडून सोडविलेल्या कागदांतून उभे राहिले. शिवाय त्यांनी साधनाचा अर्थ कागदापुरता ठेवला नाही. ग्रामनामे, आडनावे, क्रियापदे यांनाही त्यांनी साक्षीस उभे केले. त्यांच्या व्युत्पत्ती पुष्कळदा कल्पनेच्या भराऱ्या आहेत, हे खरे. पण दृष्टी अस्सल होती.

ही दृष्टी मंडळाच्या दारापासून दूर, पूर्व खानदेशात लावून पाहावी. जामनेर तालुक्यातील पहूर हे वाघूर नदीकाठचे गाव पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन नावांनी ओळखले जाते. कसबा हे परगण्याच्या कारभाराचे ठाणे, तर पेठ बहुधा सत्तेच्या कौलाने वसविलेली बाजारवस्ती. म्हणजे गावाच्या नावातच कारभार व व्यापार यांचा इतिहास शेजारी शेजारी नांदतो आहे. पाचोरा-जामनेर नॅरोगेज मार्गावरील पहूर स्थानकातून एके काळी प्रवासी अजिंठ्याच्या लेण्यांकडे वळत. ही गाडी २०२० मध्ये थांबली. तिच्यावर पोट असलेले हमाल, टांगेवाले, अडते यांच्या आठवणी कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत. तीच गत या परिसरातील तावडी बोलीची. देशमुख-कुलकर्ण्यांचे कागद तेवढे साधन मानणाऱ्या इतिहासाला असे गाव दिसतच नाही. सातपुड्यातील भिल्ल तर केवळ १८२५ साली उभारलेल्या भिल्ल पलटणीच्या सरकारी नोंदींतून, म्हणजे परक्याच्या लेखणीतून, दिसतात.

हे काम कोणी करावयाचे? येथे महाविद्यालयीन प्राध्यापकांचा संबंध येतो. २०१९ मध्ये आलेल्या यूजीसी केअर यादीत ‘संशोधक’चा समावेश झाला आणि या त्रैमासिकाकडे राज्यभरातून शोधनिबंधांचा ओघ वळला. दोष नियतकालिकाचा नव्हे, पदोन्नतीच्या गुणांकनाचा. पण साधनप्रसिद्धीसाठी जन्मलेल्या पत्राला गुणांची गरज भागविणारे स्थळ मानले गेले, ही विटंबनाच. ती यादी २०२५ मध्ये रद्द झाली. गुणांची सक्ती सुटताच ओघ आटेल की पत्राला पुन्हा त्याचा मूळ लेखक, म्हणजे गावोगाव हिंडणारा साधनसंग्राहक, गवसेल, हे आता पाहावयाचे. त्यासाठी पहूरसारख्या गावातील एक जुनी अडत, तिच्या चोपड्या, तेथील वृद्धांची तोंडी साक्ष, एवढा विषयही एका अंकास पुरेसा आहे; आणि मोडी वाचता येणारा एखादा विद्यार्थी त्याकरिता लगतच्या महाविद्यालयानेच तयार करावयास हवा.