पराभवाचे भाष्यकार

विजयी पक्षाला निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीं फारसें बोलावें लागत नाहीं. हारतुरे झाले, पेढे वांटले, कीं त्याचें काम संपलें. पराभूत पक्षाची गोष्ट निराळी. त्याला आपल्या पराभवाचा अर्थ सांगावा लागतो. आणि तो पक्ष देशाच्या सत्तेवर बसलेला असून केवळ गांवोगांवच्या नगरसभांतून पडला असेल, तर त्याच्या या कलेस विशेष बहर येतो. सत्ता तर हातीं आहे आणि नाक तर कापलें गेलें आहे, अशा चमत्कारिक अवस्थेंत जें गद्य निर्माण होतें, त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं आजवर दुर्लक्षच केलें. वस्तुतः एकाच मूळ ग्रंथावर परस्परविरुद्ध भाष्यें कशीं रचतां येतात याचा इतका उत्तम नमुना गीतेच्या टीकाकारांखेरीज अन्यत्र मिळणें कठीण. फरक एवढाच कीं, गीतेच्या भाष्यकारांनीं मूळ श्लोक निदान वाचलेले असत.

या वाङ्मयाचें माहेरघर इंग्लंड. तेथें स्थानिक संस्थांच्या निवडणुका बहुधा मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारीं होतात. सर्व नगरसभा एकदम निवडल्या जात नाहींत. कांहीं या वर्षीं, तर कांहीं पुढल्या वर्षीं. त्यामुळें जवळजवळ प्रत्येक वसंतऋतूंत सत्ताधारी पक्षाला कोठें ना कोठें परीक्षेस बसावें लागतें, आणि शुक्रवारीं सकाळीं निकालाचा अर्थ लोकांस समजावून द्यावा लागतो. पक्ष हुजूर असो वा मजूर, भाष्याची रीत एकच.

या भाष्यकारांचे संप्रदाय मोजकेच आहेत. पहिला संप्रदाय ऋतुवाद्यांचा. कारकीर्दीच्या मध्यावर सरकारची लोकप्रियता ओसरावयाचीच, त्यांत नवल तें काय, असें हे म्हणतात. यांच्या मतें पराभव हा पंचांगांतच लिहिलेला असतो. दुसरा संप्रदाय श्रवणवाद्यांचा. "लोकांचें म्हणणें आम्ही ऐकलें आहे," असें हे गंभीर मुद्रेनें सांगतात. काय ऐकलें तें मात्र सांगत नाहींत, आणि पुढल्याच वाक्यांत धोरण बदलणार नाहीं असें जाहीर करतात. तिसरा संप्रदाय निरूपणवाद्यांचा. धोरण उत्तमच आहे. तें लोकांस नीट समजावून देण्यांत आपण उणे पडलों, एवढाच काय तो दोष, असें यांचें प्रतिपादन. म्हणजे पुस्तक चांगलें, गुरुजी चांगले, मुलें तेवढीं मठ्ठ. हें मत आमच्या अध्यापनाच्या धंद्यांतही बरेंच लोकप्रिय आहे.

चौथा संप्रदाय भाष्य आधीं करून ठेवितो आणि मग निकालाची वाट पाहतो. २०२३ सालीं श्री. ऋषि सुनक मुख्य प्रधान असतां हुजूरपक्षाचे अध्यक्ष श्री. ग्रेग हँड्स हे मतदानापूर्वींच, आपल्या पक्षाच्या हजार जागा जातील असें जाणत्यांचें भाकित आहे, असें सांगत होते. सातशें-आठशें गेल्या तर त्यालाच जय म्हणतां यावें, असा यांतील हेतु उघड होता. मतदारांनीं हजारांहून अधिक जागा काढून घेतल्या. अध्यक्षांनीं मुद्दाम मोठें माप आणलें होतें. तेंही भरून सांडलें.

परंतु खरा रसिक थांबेल तो पांचव्या संप्रदायापाशीं. हा संप्रदाय अपवादवाद्यांचा, आणि त्याचा अभिजात ग्रंथ १९९० सालचा. त्या वर्षीं श्रीमती मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनें इंग्लंड व वेल्समध्यें जुनी घरपट्टी काढून टाकून तिच्या जागीं माणशीं आकारावयाची डोईपट्टी आणली. सरकारी कागदांत तिला 'कम्युनिटी चार्ज' असें सोज्वळ नांव होतें. स्कॉटलंडवर तिचा प्रयोग वर्षभर आधींच झाला होता. हवेलींतला सरदार आणि त्याच्या दारचा कचरा उचलणारा झाडूवाला यांनीं एकाच गांवांत राहून सारखीच पट्टी भरावी, हें त्या योजनेचें सार. गरिबांस कांहीं सूट होती. पण श्रीमंतांवर जास्त बोजा नव्हता. ३१ मार्च रोजीं लंडनच्या ट्रफाल्गार चौकांत मोठा दंगा झाला, आणि ३ मे रोजीं स्थानिक निवडणुका आल्या.

निकाल व्हावयाचा तोच झाला. देशभर मजूरपक्ष पुष्कळच पुढें गेला, हुजूरपक्षानें दोनशेंहून अधिक जागा गमावल्या, ब्रॅडफर्डसारखें शहर त्याच्या हातून गेलें. अशा वेळीं पक्षाचे अध्यक्ष श्री. केनेथ बेकर यांनीं लोकांचें बोट धरून त्यांना लंडनमधील दोनच नगरसभांपाशीं नेऊन उभें केलें. एक वाँड्सवर्थ, दुसरी वेस्टमिन्स्टर. वाँड्सवर्थमध्यें १९८६ सालीं हुजूरपक्षाचें आधिक्य ३१ विरुद्ध ३०, म्हणजे अवघ्या एका जागेचें होतें. आतां तें ४८ विरुद्ध १३ झालें. वेस्टमिन्स्टरमध्येंही पक्ष पूर्वीपेक्षां बळकट होऊन परतला. इंग्लंडांत डोईपट्टीची सरासरी साडेतीनशें पौंडांच्या घरांत असतां वाँड्सवर्थची पट्टी १४८ पौंड आणि वेस्टमिन्स्टरची १९५ पौंड होती. पाहा, जेथें कारभार काटकसरीचा तेथें लोक खूष आहेत, असा सिद्धान्त त्यावरून निघाला. शुक्रवारीं चर्चा सुरू झाली ती देशाची नव्हे, तर या दोन नगरसभांची. गांवांत घरोघर पटकी असावी आणि वैद्यबुवांनीं दोन धडधाकट माणसें चावडीवर आणून उभीं करावीं, तसा हा प्रकार. पडलें तरी नाक वर, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं शुक्रवारची वर्तमानपत्रें न वाचतांच रचली, हें त्यांचें द्रष्टेपण होय.

येथवर नुसती करमणूक झाली. पण या ग्रंथाच्या पोटांत एक गंभीर प्रश्न आहे, आणि त्यासाठींच हा लेख लिहावयाचा.

डोईपट्टी काढली कशासाठीं? १९८६ सालच्या सरकारी पत्रिकेंत तिचें समर्थन केलें होतें तें असें. गांवांत मत देणारे पुष्कळ, पण पुरी घरपट्टी भरणारे त्यांतले थोडे. मग पुष्कळांनीं मतें देऊन खर्च वाढवावा आणि थोडक्यांनीं तो भरावा, असें होतें. प्रत्येकाच्या खिशाला चिमटा बसला म्हणजे प्रत्येक मतदार आपल्याच नगरसभेचा हिशेब आपल्याच नगरसभेला विचारील, आणि स्थानिक निवडणूक खऱ्या अर्थानें स्थानिक होईल. विचार कागदावर तर्कशुद्ध होता. प्रत्यक्षांत मात्र निवडणूक स्थानिक करण्यासाठीं काढलेल्या करानेंच, स्थानिक निवडणूक कधीं नव्हती इतकी राष्ट्रीय करून टाकली. एरवीं जेथें त्याहून कमी मतदार घराबाहेर पडावयाचे, तेथें जवळजवळ निम्मे मतदार बाहेर पडले. पण ते आपल्या कौन्सिलरास जाब विचारण्यास नव्हे, तर श्रीमती थॅचर यांस निरोप धाडण्यास.

याचें कारण लोकांचें अज्ञान नव्हे, हिशेबच तसा होता. डोईपट्टीबरोबरच व्यापारी इमारतींवरील पट्टीचा दर ठरविण्याचा अधिकार नगरसभांकडून काढून सरकारनें आपल्याकडे घेतला. उरलेला मोठा भाग सरकारी अनुदानाचा. म्हणजे नगरसभेच्या खर्चांतला सुमारें चौथा हिस्साच तिच्या स्वतःच्या पट्टींतून यावयाचा. अशा स्थितींत खर्च शेंकडा एकानें वाढला, तर पट्टी शेंकडा चारांनीं वाढवावी लागते. आणि सरकारनें अनुदानाची मूठ थोडी आवळली, तर कौन्सिलरानें एक दिवाही जास्त लावलेला नसतां पट्टी भडकते. हातांत आलेल्या मागणीपत्रांतला किती आकडा आपल्या नगरसभेचा आणि किती राजधानीचा, हें मतदारास कळावें कसें? वाँड्सवर्थ व वेस्टमिन्स्टर यांना अनुदानाचीं गणितेंही अनुकूल होतीं, असा विरोधकांचा आक्षेप होताच.

वेस्टमिन्स्टरची कथा तर पुढें निराळ्याच पानावर गेली. डेम शर्ले पोर्टर यांच्या पुढारीपणाखालीं तेथील नगरसभेनें, काठावरच्या आठ विभागांतलीं रिकामीं झालेलीं सार्वजनिक घरें गरजूंना भाड्यानें न देतां विकण्याचें धोरण आंखलें होतें. घरें विकत घेणारा आपल्या पक्षास मत देईल, हा त्यामागील हिशेब. लेखापरीक्षकांनीं हें बेकायदा ठरविलें. २००१ च्या डिसेंबरांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें तो निर्णय कायम केला. आणि २००४ सालीं तडजोडीनें १ कोटि २३ लक्ष पौंड वसूल झाले. ज्या दोन धडधाकट माणसांना चावडीवर उभें केलें, त्यांतल्या एकाची नाडी कोणी पाहिलीच नव्हती.

अपवादवाद्यांचें भाष्य फार दिवस टिकलें नाहीं. २२ नोव्हेंबर १९९० रोजीं श्रीमती थॅचर यांनीं पद सोडण्याचें जाहीर केलें. युरोपचा प्रश्न त्यास कारण होताच, पण डोईपट्टीही होती. १९९१ च्या अंदाजपत्रकांत डोईपट्टी माणशीं १४० पौंडांनीं उतरविण्यासाठीं विक्रीवरील कर शेंकडा १५ चा १७॥ करण्यांत आला, आणि १९९३ च्या एप्रिलांत घराच्या किंमतीवर आकारावयाची पट्टी नव्या नांवानें परत आली.

मात्र विरोधकांच्या भाष्यकारांनींही हर्षानें टाळ्या पिटण्याचें कारण नाहीं. स्थानिक पराभव म्हणजे सरकारच्या अंताची नांदी, हें त्यांचें आवडतें सूत्र. १९९५ सालीं हुजूरपक्षानें स्थानिक निवडणुकींत दोन हजारांवर जागा गमावल्या आणि १९९७ सालीं तो सत्तेवरून गेला, हें खरें. पण त्याच पक्षानें १९९० च्या पराभवानंतर १९९२ ची निवडणूक जिंकली होती. २००४ सालीं सत्ताधारी मजूरपक्ष स्थानिक मतदानांत तिसऱ्या क्रमांकावर घसरला आणि पुढल्याच वर्षीं पार्लमेंटांत बहुमतानें परतला. २०१९ च्या मे महिन्यांत हुजूरपक्षाच्या तेराशेंवर जागा गेल्या. मुख्य प्रधान बदलले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या पक्षानें ८० चें मताधिक्य मिळविलें. तेव्हां या निकालांवरून भविष्य वर्तविणें हा कुडमुड्या जोशाचाच धंदा.

मग या निकालांत आहे तरी काय? लेकी बोले, सुने लागे. मतदार बोलतो कौन्सिलरास, आणि ऐकावें अशी त्याची इच्छा असते मुख्य प्रधानानें. घरांत ही युक्ति चालते, कारण लेकीचें त्यांत कांहीं जात नाहीं. येथें मात्र लेकीचेंच जातें. ज्या माणसानें वीस वर्षें गांवच्या शाळा, वाचनालयें, गटारें यांत डोकें घातलें, तो राजधानींतल्या कोणाच्या तरी हट्टासाठीं एका रात्रींत घरीं बसतो; आणि ज्यानें गांवासाठीं काडी उचलली नाहीं, तो वाऱ्याबरोबर निवडून येतो. चोर सोडून संन्याशास फांशी, हा न्याय वर्षानुवर्षें चालला, तर संन्यासी तरी त्या वाटेस कां जावे? १८७३ ते १८७६ या काळांत जोसेफ चेंबरलेन बर्मिंगहॅमचे मेयर होते. त्यांनीं गॅस व पाणी हीं दोन्हीं खातीं खाजगी कंपन्यांकडून काढून शहराच्या मालकीचीं केलीं. त्याच बर्मिंगहॅमनें २०२३ च्या सप्टेंबरांत, आपल्याजवळ खर्चास पैसा नाहीं, अशी कायदेशीर सूचना काढली. नगरसभेच्या स्वतःच्या चुका होत्याच. पण केंद्राचीं अनुदानेंही आटलीं होतीं.

आणि भाष्यानें भागेनासें झालें, तर मूळ ग्रंथच फाडण्याचा मार्ग मोकळा असतो. बृहल्लंडनचें कौन्सिल १९८१ पासून मजूरपक्षाकडे होतें, श्री. केन लिव्हिंगस्टन त्याचे पुढारी. पार्लमेंटासमोर, नदीच्या पलीकडल्या तीरावर, आपल्या कचेरीच्या माथ्यावर त्यांनीं बेकारांचे आंकडे लावून ठेविले होते. सरकारनें त्या आंकड्यांवर टीका लिहिली नाहीं. १९८५ ची निवडणूक होऊं दिली नाहीं, आणि ३१ मार्च १९८६ रोजीं तें कौन्सिलच विसर्जित केलें. त्यानंतर २००० सालापर्यंत लंडनला सबंध शहराची अशी निवडलेली संस्था नव्हती.

हें सारें दूरचें आहे म्हणून सोडून देतां येत नाहीं. आपल्याकडील 'स्थानिक स्वराज्य' ही संस्था त्याच घराण्यांतली. १८८२ सालच्या ठरावांत लॉर्ड रिपन यांनीं कारभाराच्या सुधारणेपेक्षां लोकांच्या राजकीय शिक्षणास अधिक महत्त्व दिलें होतें. त्या शाळेची आजची स्थिति काय? २०१७ च्या जुलईंत मुंबईची जकात गेली आणि महानगरपालिका आपल्या उत्पन्नाच्या एका मोठ्या बाबीसाठीं राज्याच्या भरपाईकडे पाहूं लागली. २०२२ च्या मार्चांत तिची मुदत संपली, आणि पुढील मतदान व्हावयास २०२६ चा जानेवारी उजाडावा लागला. मध्यंतरीं प्रशासक. राखीव जागांचा वाद न्यायालयांत होता, प्रभागांच्या हद्दी बदलत होत्या. कारणें दाखवितां येण्याजोगीं होतीं. परंतु जवळजवळ चार वर्षें शाळा बंद ठेवून विद्यार्थ्यांस राजकीय शिक्षण कसें मिळावें, हें लॉर्ड रिपन यांसही सांगतां आलें नसतें. निवडणूक झाली, तेव्हां रस्ते व पाणी यांपेक्षां कोणता पुढारी कोणास भारी पडला, याचीच चर्चा अधिक झाली, यांत नवल नाहीं. ज्याच्या हातीं पैसा नाहीं त्याला कोणी हिशेब विचारीत नाहीं.

मतदारानें शहाणें व्हावें, हा उपदेश सोपा आहे. पण गांवच्या पैशावर गांवाची सत्ता आणि वेळच्या वेळीं निवडणूक, या दोन गोष्टी दिल्याखेरीज तो उपदेश करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास पोंचत नाहीं. त्या मिळाल्या, तर लोक लेकीशीं लेकीचें आणि सुनेशीं सुनेचें बोलूं लागतील. तोंपर्यंत भाष्यकारांचा धंदा तेजींत राहील. पुढल्या खेपेस कोणत्याही सत्ताधारी पक्षाचें पराभवाचें निवेदन हातीं आलें, तर वाचकांनीं त्यांत एवढेंच शोधावें, कीं एखाद्या तरी गांवच्या पाण्याचा, गटारांचा किंवा शाळेचा त्यांत उल्लेख आहे काय. आमच्या वाचनांत तसें निवेदन अद्याप आलेलें नाहीं.