प्रदक्षिणेचे गद्य : नर्मदा परिक्रमेच्या वाङ्मयासंबंधी काही विचार

यात्रा आणि परिक्रमा हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. वाङ्मयाचा विचार करताना मात्र त्यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. यात्रेला गंतव्य असते. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याच्या मनात पहिल्या पावलापासून कळस उभा असतो आणि त्या कळसाच्या ओढीनेच वाटेला अर्थ प्राप्त होतो. परिक्रमेत निघालेल्या ठिकाणीच परत यावयाचे असते. त्यामुळे यात्रावर्णनाला सहज मिळणारा आरंभ, आरोह आणि परिपूर्ती हा आकृतिबंध परिक्रमेच्या लेखकाला आयता मिळत नाही. कोठेही पोहोचावयाचे नसलेल्या वाटेचे गद्य कसे लिहावे, हा प्रश्न त्याला स्वतःच सोडवावा लागतो. मराठी, हिंदी आणि गुजराती लेखकांनी तो कसा सोडवला, आणि त्यात कोणती बाजू उणी राहिली, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम परिक्रमेची रचना पाहू. अमरकंटक येथे उगम पावून भडोचजवळ खंबायतच्या आखाताला मिळणारी नर्मदा १,३१२ किलोमीटर लांबीची आहे. दोन्ही तीर मिळून वाट २,६०० किलोमीटरांहून अधिक होते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची, तिचे पात्र ओलांडावयाचे नाही, चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करावयाचा, भिक्षेवर किंवा सदावर्तावर निर्वाह करावयाचा, आणि आरंभी भरून घेतलेली नर्मदाजलाची कुपी शेवटपर्यंत सांभाळावयाची, हे तिचे मुख्य नियम होत. ओंकारेश्वराहून निघणारा परिक्रमावासी दक्षिण तीराने पश्चिमेस जातो. विमलेश्वराहून नावेने समुद्रमुख ओलांडून तो मिठी तलाईला उतरतो, उत्तर तीराने अमरकंटक गाठतो आणि उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तीराला लागतो.

परंपरेने या परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा अवधी सांगितला आहे. हा अवधी सुमारे बाराशे दिवसांचा होतो. वाट तेवढ्या दिवसांत विभागली तर रोजची चाल सव्वादोन किलोमीटरांहूनही कमी पडते. चातुर्मासाचे तीन मुक्काम वगळले तरी ती तीन किलोमीटरांच्या आसपासच राहते. चांगला चालणारा मनुष्य तेवढे अंतर तासाभरात तोडतो. याचा अर्थ उघड आहे. परंपरेने हे गणित मांडताना माणसाच्या पायांच्या शक्तीचा विचार केलेला नाही; तिने थांबण्याला जागा ठेवली आहे. परिक्रमेचे नियोजन हे एका अर्थी नियोजनाचा त्याग करण्याचे नियोजन आहे. कोठे जावयाचे, कोणत्या बाजूने चालावयाचे आणि काय करावयाचे नाही, हे आधीच ठरलेले असते. आज काय खावयाचे आणि रात्री कोठे निजावयाचे, हे मात्र जाणूनबुजून अनिश्चित ठेवलेले असते. या अनिश्चिततेच्या जागेतच तीरावरची माणसे शिरतात, आणि परिक्रमेच्या वाङ्मयाचा खरा आशय तेथेच सुरू होतो.

मराठी गद्यात दीर्घ पायी प्रवासाची परंपरा जुनी आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. गोडसे भटजी १८५७ मध्ये घराबाहेर पडले ते कर्जाच्या ओझ्यामुळे आणि मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. हे नियोजन पार कोसळले. बंडाच्या धामधुमीत मिळालेले धनही हातचे गेले, आणि घरी पोहोचली ती आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड. निघताना मनात असलेला हेतू आणि परतताना हाती लागलेले फळ यांतील हे अंतर सर्वच दीर्घ चालीच्या लेखनाचे मर्म आहे. ज्या प्रवासात जे ठरवले तेवढेच हाती येते, त्याला वाङ्मयाची गरज भासत नाही.

विसाव्या शतकातील वारीविषयीच्या लेखनाने या परंपरेला सामाजिक दृष्टी दिली. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कर्वे भक्तीच्या आनंदात सहभागी होतात, आणि त्याच वेळी दिंड्यांतून जातीजातींच्या वेगळ्या पंक्ती पाहून अस्वस्थही होतात. भावनेने भिजलेले मन आणि समाजशास्त्राने शिकवलेला डोळा एकाच वाक्यात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु वारी हा समूहाचा अनुभव आहे. परिक्रमावासी एकटा असतो, फार तर दोघातिघांच्या सोबतीने चालतो. त्याच्याभोवती दिंडी नसते आणि त्याचे जेवण त्याच्या बैलगाडीतून येत नाही. तो सर्वस्वी तीरावर अवलंबून असतो.

गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी केलेल्या परिक्रमेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी सिद्ध झाली. पुढे ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनास १९७६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. या दोन ‘गाथां’च्या शीर्षकांतील फरक बोलका आहे. स्वतःचे स्मरण लिहिणाऱ्या या लेखकाने परिक्रमेची कथा सांगताना मात्र ‘कुणा एका’चा आडोसा घेतला. परिक्रमेत नाव, कुल आणि पूर्वायुष्य मागे टाकावयाचे असते. कादंबरीच्या शीर्षकाने तो नियम निवेदनाच्या पातळीवर पाळला आहे. अनुभव स्वतःचा असूनही त्यावरचा हक्क सोडण्याची ही युक्ती मराठी परिक्रमा-वाङ्मयातील सर्वांत सूक्ष्म कलानिर्णय आहे असे मला वाटते.

नंतरच्या काळात हा आडोसा दूर झाला. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने मोठा वाचकवर्ग मिळवला आणि त्यानंतर अनेक मराठी माणसे प्रत्यक्ष परिक्रमेस निघाली. कुंटे यांची भाषा मोकळी, मिस्किल आणि स्वतःच्या दोषांवर पांघरूण न घालणारी आहे. म्हणूनच अश्वत्थाम्याच्या भेटीसारखे अद्भुत प्रसंगही वाचक स्वीकारतो. भारती ठाकूर यांनी आपल्या ‘नर्मदा परिक्रमा’ या पुस्तकास ‘एक अंतर्यात्रा’ असे उपशीर्षक दिले. हे उपशीर्षक पुढे जणू या वाङ्मयप्रकाराची व्याख्याच बनले. बाहेरची वाट ही आतल्या वाटेचे निमित्त होय, ही भूमिका मराठी वाचकाला संतपरंपरेमुळे परिचित आणि प्रिय आहे.

या भूमिकेचा एक धोका मात्र सांगितला पाहिजे. वाट केवळ निमित्त ठरली की वाटेवरची माणसेही निमित्त ठरतात. भुकेल्या वेळी कोणी भाकरी आणून दिली की ‘मैयाने पाठवली’ असे लिहिले जाते. श्रद्धेच्या दृष्टीने हे वाक्य खरे आहे. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने त्यात एक अन्याय घडतो. भाकरी थापणाऱ्या बाईचे पीठ किती उरले होते, तिची मुले जेवली होती काय, हे प्रश्न त्या वाक्याआड जातात. शूलपाणीच्या झाडीतील भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत, त्यांना ‘मामा’ म्हणत, आणि ही लूट अपरिग्रहाची परीक्षा मानली जाई, हे बहुतेक पुस्तकांत येते. ज्याच्या घरी लुटण्याइतकी गरिबी होती त्या मामाचे चरित्र मात्र क्वचितच लिहिले जाते. स्वतः ठाकूर परिक्रमेनंतर निमाडात मुलांच्या शिक्षणाचे काम उभारण्यासाठी राहिल्या. ज्या तीराने अन्न दिले त्याचे ऋण मानण्याचा हा मार्ग अनेक पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणांपेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे.

येथे अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांच्याशी तुलना उपयुक्त ठरते. जबलपूरचे हे चित्रकार शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. १९७७ मध्ये त्यांनी जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने चालण्यास आरंभ केला आणि पुढे वर्षानुवर्षे खंडाखंडाने नर्मदातीर पालथे घातले. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’, ‘अमृतस्य नर्मदा’ आणि ‘तीरे-तीरे नर्मदा’ ही त्यांची हिंदी पुस्तके. मातृभाषेतील ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ला २००४ चा गुजरातीचा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. मोक्षाऐवजी सौंदर्य हा हेतू त्यांनी शीर्षकातच जाहीर केला. चित्रकाराला समोरच्याचा चेहरा टाळता येत नाही. रेखाटन करावयाचे तर थांबून पाहावे लागते. त्यामुळे घाटावरच्या स्त्रिया, शेतकरी, वाटसरू त्यांच्या गद्यात स्वतःच्या आकारासह येतात.

काही वर्षांपूर्वी वर्गात शिकवताना मी या लेखनाची भाविक आणि सौंदर्यवादी अशी सरळ विभागणी करीत असे. आज ती मला अपुरी वाटते. भाविक लेखकही तीर पाहू शकतो, आणि सौंदर्यवादी लेखकही दृश्याच्या मोहात दुःखाकडे पाठ फिरवू शकतो. खरा निकष वेगळा आहे: चालणाऱ्याच्या अनुभवातून तीराचे किती अस्तित्व शिल्लक राहते?

हा निकष केवळ तात्त्विक नाही. वेगड यांनी पहिल्या खेपेस पाहिलेला जबलपूर–मंडला हा टापू पुढे बरगी धरणाच्या जलाशयाने बदलून टाकला. इंदिरा सागर प्रकल्पापायी २००४ मध्ये हरसूद हे गाव उठले. १३८.६८ मीटर उंचीच्या सरदार सरोवर धरणाचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले आणि २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले, आणि महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडिताच्या क्षेत्रात आली. परिक्रमा आजही चालते, पण अनेक ठिकाणी ती जुन्या पायवाटेवरून चालत नाही. जलाशयाला दूरचा वळसा घालून जाते. नदी उजव्या हाताला असते, परंतु दिसेलच असे नाही.

अशा परिस्थितीत या पुस्तकांचे स्थान बदलते. लिहिली गेली तेव्हा ती साधनेची किंवा आनंदाची कथने होती. आज ती नष्ट झालेल्या वाटेची साक्ष आहेत. कोणत्या धर्मशाळेत ओसरी मिळाली, कोणत्या गावाहून पुढचे गाव किती कोसांवर होते, कोणत्या ओढ्याला उतार होता, असा जो तपशील आपण वाचताना ओलांडून जात असू, तोच आता सर्वाधिक मोलाचा ठरतो. ज्या लेखकाने सारे आत वळवले त्याच्या पुस्तकात त्याचे मन सुरक्षित राहिले, परंतु गाव राहिले नाही. ज्याने गावाचे नाव, माणसाचा व्यवसाय आणि भाकरीचे धान्य लिहून ठेवले, त्याने नकळत इतिहासाचे काम केले.

म्हणून परिक्रमा-वाङ्मयाला अध्यात्माच्या कपाटात बंद करून ठेवण्याची आपली सवय सोडली पाहिजे. विद्यापीठांतील अभ्यासकांनी मराठी, हिंदी आणि गुजराती पुस्तके शेजारी ठेवून त्यांतील स्थळनामांची सूची करावी, बुडालेल्या गावांचे उल्लेख वेगळे काढावेत, आणि अन्न देणाऱ्यांची वर्णने स्वतंत्रपणे वाचावीत. परिक्रमेची सांगता करताना साधक कुपीतील जल ओंकारेश्वराला अर्पण करतो. जे नदीकडून घेतले ते स्वतःसाठी ठेवावयाचे नाही, हा त्यामागील भाव. लेखकाकडून आपण तेवढीच अपेक्षा करावी. तीराने जे दिले ते त्याने पुस्तकात तीराच्या नावानेच परत करावे.