माहितीपत्रकातला नायक आणि आपला विद्यार्थी

वाङ्मयाच्या चर्चेत महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांना काय स्थान, असा प्रश्न हा लेख हाती घेताच कोणाच्याही मनात येईल. माझे उत्तर साधे आहे. आज आपल्या वस्त्यांतून जून-जुलै महिन्यांत जे गद्य सर्वांत जास्त वाचले जाते, ज्यावर घराघरांत रात्री उशिरापर्यंत खल होतो आणि ज्याच्यावर विसंबून कुटुंबे कर्ज काढतात, ते गद्य कथा-कादंबऱ्यांचे नाही. ते माहितीपत्रकांचे, मानांकनाच्या याद्यांचे आणि 'संगणकाला कोठे प्रवेश घ्यावा' हे सांगणाऱ्या पुस्तिकांचे आहे. इतक्या माणसांच्या आयुष्याची दिशा ठरविणाऱ्या गद्याची समीक्षा होत नसेल, तर तो समीक्षेचाच दोष मानला पाहिजे.

या गद्याने एकदा मलाही फसविले आहे. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका मुलाला संगणक अभियांत्रिकीसाठी एका खाजगी संस्थेचे नाव मीच सुचविले. माहितीपत्रक गुळगुळीत होते, त्यातला पगाराचा आकडा डोळे दिपविणारा होता. सरकारी प्रवेशफेऱ्यांतून त्याला संगणक शाखा मिळत नव्हती. व्यवस्थापन कोट्यातून मिळत होती. वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढले. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होत नाही, ही गोष्ट माहितीपत्रकात नव्हती आणि मीही ती शोधली नव्हती. तिसऱ्या सत्रात शुल्क थकले, परीक्षेचे प्रवेशपत्र अडले आणि मुलगा घरी परतला. आज तो दुचाकीवरून लोकांच्या घरी पार्सले पोहोचवितो. भेटला की 'सर, जयभीम' म्हणतो, तक्रार करीत नाही. त्याने तक्रार केली असती तर मला बरे वाटले असते.

तेव्हापासून ही माहितीपत्रके मी एखादी कादंबरी वाचावी तशी वाचतो. यात नायक कोण आहे? काळ कसा सरकतो? कोणाला बोलू दिले आहे आणि कोण अजिबात दिसत नाही?

नायक ओळखणे सोपे आहे. तो सर्वोच्च पॅकेज मिळविणारा विद्यार्थी असतो. शेकडो मुलांच्या वर्गातल्या एका मुलाचा पगार मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. मधल्या विद्यार्थ्याला, म्हणजे पगाराच्या क्रमाने उभे केल्यास नेमक्या मध्यावर येणाऱ्या मुलाला काय मिळाले, हे शोधून काढावे लागते. 'पात्र विद्यार्थ्यांपैकी शंभर टक्के नोकऱ्या' या वाक्यातला 'पात्र' हा शब्द तर फार सोयीचा आहे. अनेक कंपन्या ६० टक्क्यांची अट घालतात आणि एकही विषय राहिलेला नसावा असे सांगतात. ज्याचे पहिल्या वर्षी गणित राहिले, ज्याला इंग्रजी व्याख्यान समजायला दोन सत्रे लागली, तो पात्रच ठरत नाही आणि म्हणून हिशेबातही धरला जात नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली आपली मुले नेमकी याच फटीतून खाली पडतात. या कादंबरीत ती मरत नाहीत. ती मुळी जन्मालाच येत नाहीत.

शाखांची नावेही अशीच तपासून घ्यावी लागतात. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी काढून टाकली. संगणकाच्या तुकड्या वाढल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा अशा पाट्या लागल्या. पाटी बदलायला एक दिवस पुरतो. शिक्षक घडायला वर्षे लागतात. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर आणि अल्गोरिदम हे विषय कोण शिकवितो, तो कायम आहे की तासिका तत्त्वावर, आणि प्रयोगशाळा संध्याकाळी पाचनंतर उघडी असते काय, हे प्रश्न संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाटीपेक्षा महत्त्वाचे आहेत. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला प्रयोगशाळेची वेळ कळली नाही तरी चालते. ज्याच्या घरी एका खोलीत सहा माणसे झोपतात, त्याच्यासाठी रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी प्रयोगशाळा म्हणजे अर्धी पदवी होय.

माहितीपत्रक हे संस्थेचे आत्मचरित्र असल्याने ते स्वतःची स्तुती करणारच, असे म्हणता येईल. मग सरकारी मानांकनाकडे वळू. केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन यादी २०१६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्या नंतरच्या मांडणीत अभियांत्रिकी संस्थांसाठी अध्यापन व साधनांना ३०, संशोधनाला ३०, पदवीच्या फलिताला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि समाजातील प्रतिमेला १० असे शंभर गुण वाटलेले होते. संस्थेविषयी लोकांची समजूत आणि संस्थेने वंचितांना दिलेली जागा या दोहोंचे वजन सारखेच! सर्वसमावेशकतेच्या दहा गुणांतही परप्रांतीय विद्यार्थी, स्त्रिया, अपंगांसाठीच्या सोयी आणि आर्थिक-सामाजिक दृष्ट्या मागास असे चार वाटेकरी. आपल्या वाट्याला येतात दोन-अडीच गुण, आणि तेही पूर्ण शुल्क परत मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणावरून. वेळेत पदवी मिळविणाऱ्यांची संख्या ही यादी मोजते, पण सरसकट. अनुसूचित जातींची किती मुले आत आली आणि त्यांतली किती पदवी घेऊन बाहेर पडली, हा आकडा तिच्या दृष्टीने गुणवत्तेचा भाग नाही.

वास्तविक तोच पहिला आकडा असायला हवा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांतून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांचे १३,५०० हून अधिक विद्यार्थी मधूनच बाहेर पडले. आयआयटींपुरते पाहिले तर अनुसूचित जातींचे १,०६८ आणि जमातींचे ४०८. विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत किंवा अभ्यासक्रमात जाऊ शकतात, असे सरकारचे म्हणणे होते. काही गेलेही असतील. पण एकदा मिळविलेली आयआयटीची जागा किती मुले केवळ हौसेने सोडतील, हे ज्याने त्याने ठरवावे.

काळाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. माहितीपत्रकातला काळ वर्षांचा असतो. आपल्या मुलांचा काळ मिनिटांचा असतो. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. भरायचे होते १७,५०० रुपये. गावातून पैसे गोळा होईपर्यंत मुदत संपली आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. २०२१ सालीही मुंबईच्या आयआयटीतली जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचे पैसे तांत्रिक अडचणीमुळे वेळेत भरले गेले नाहीत, आणि त्यालाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. दोघांना न्याय मिळाला याचा आनंद आहेच. परंतु प्रवेशाचे शुल्क भरण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, ही काय विद्यापीठ निवडण्याची रीत झाली? दिल्लीला जाऊ न शकलेल्यांची नावे तर कोठेच नोंदलेली नाहीत.

या ठिकाणी बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन डोळ्यांसमोर आणणे उपयोगाचे ठरेल. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, पैसे साठवून, काही उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. बाबासाहेबांसारख्या बुद्धिमत्तेच्याही वाटेत शिष्यवृत्तीचे वेळापत्रक आडवे आले, ही गोष्ट आपण गौरवाच्या भरात विसरतो. आणि कोलंबियाची आठवण १९३० साली लिहिताना त्यांनी पगार किंवा पदाचा हिशेब मांडला नाही. तेथले काही सहाध्यायी आणि ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक हे आपले आयुष्यातले सर्वांत चांगले मित्र, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. विद्यापीठ कसे ओळखावे याची ही कसोटी आहे: तेथे तुम्हाला शिक्षक मिळतो काय, आणि वर्गात मित्र मिळतो काय?

हा मित्राचा प्रश्न भावनेचा वाटेल, पण संगणकाच्या व्यवसायात तो अगदी व्यवहाराचा आहे. तेथे नोकरीची शिफारस वर्गमित्र करतात, नवी कंपनी वसतिगृहातल्या ओळखीतून उभी राहते. अजंता सुब्रमण्यन यांचा 'द कास्ट ऑफ मेरिट' हा ग्रंथ २०१९ साली प्रसिद्ध झाला. मद्रासच्या आयआयटीचा अभ्यास करून त्यांनी दाखविले आहे की, पिढ्यान्‌पिढ्यांची जातीची शिदोरी तेथे 'गुणवत्ता' या नावाने नव्याने चलनात येते, आणि आरक्षणाने आलेल्यांच्या विरोधात ती अधिकच टोकदार होते. हे विवेचन मोलाचे आहे. माझी तक्रार एवढीच की, त्यात गुणवत्तेचा दावा करणारे जितके स्पष्ट दिसतात, तितका त्या दाव्याखाली चार वर्षे काढणारा विद्यार्थी दिसत नाही. त्याची कथा त्यानेच लिहावयाची आहे.

आणि ती कथा पदवीबरोबर संपत नाही. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याची जात, तो आयआयटीत आरक्षणातून आला होता असे सांगून वरिष्ठाने सहकाऱ्यांत उघड केली, असा आरोप त्यात होता. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेण्यात आला. खटल्याचे काहीही होवो, आपल्यापुरता अर्थ असा की महाविद्यालयात पडलेली नजर सातासमुद्रापलीकडे येऊ शकते. परदेशी शिकू इच्छिणाऱ्या मुलांनी म्हणून हेही पाहावे: ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. अशी एक ओळ धोरणात असणे ही मानांकनाच्या शंभर जागांपेक्षा मोठी गोष्ट असू शकते.

आता थोडे आत्मपरीक्षण. आपल्या आत्मकथनांनी शाळेच्या उंबरठ्यापासून बोर्डिंगच्या भाकरीपर्यंतचा प्रवास मराठी साहित्यात प्रथमच आणला. पण त्यापुढचे पान कोरे आहे. प्रयोगशाळेत जोडीदार न मिळणे, प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारून जात काढून घेणे, शिष्यवृत्तीचा हप्ता येईपर्यंत मेसवाल्याला टाळणे, हा अनुभव लिहिला गेला पाहिजे. आपली नियतकालिके कवितासंग्रहांचे परीक्षण करतात. महाविद्यालयांचे का करू नये? शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलामुलीने आपल्या संस्थेविषयी दोन पाने लिहावीत. शिष्यवृत्ती किती महिन्यांनी आली, वसतिगृह मिळाले काय, कोणत्या शिक्षकाने दाराबाहेर थांबविले नाही, आपल्यापैकी किती आले आणि किती टिकले. हे लेखन म्हणजे आपले खरे माहितीपत्रक होईल.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय काढले. विद्यार्थी जेथे होता तेथे महाविद्यालय नेण्याचा तो विचार होता. आज निवड करण्याची वेळ आपल्यावर आली आहे, तेव्हा निदान प्रश्न तरी त्याच विचारातून आले पाहिजेत.

गेल्या जूनमध्ये एसटीच्या कार्यशाळेत काम करणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तिच्या हातात दोन कागद होते: शहरातल्या खाजगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक, आणि दूरच्या जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयात प्रवेशफेरीतून मिळालेली संगणकाची जागा. वडील म्हणाले, "सर, पोरगी लांब जाईल, म्हणून जीव थोडा होतो. तुम्ही सांगाल तसं." या वेळी मी काही सांगितले नाही. शिष्यवृत्ती कोठे लागू होते, समाजकल्याणचे वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज कधी करायचा, हे एका कागदावर लिहून दिले आणि त्या शासकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या एका मुलीशी तिला बोलू दिले. दोघी अर्धा तास बोलल्या. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाबा, तिथं लॅब रात्री नऊपर्यंत चालू असते."

तिने ठरविले होते. गुळगुळीत माहितीपत्रक ती माझ्या टेबलावरच विसरून गेली.