शालेय इतिहास आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळानें २०१७ सालीं काढलेल्या इयत्ता सातवीच्या इतिहासपुस्तकाचें पहिलेंच प्रकरण साधनांविषयीं आहे. भौतिक, लिखित व मौखिक असे साधनांचे तीन प्रकार त्यांत सांगितले असून, तीं पारखूनच वापरावीं असा इशाराहि दिला आहे. संशोधकांचा हा विचार बारा वर्षांच्या मुलापर्यंत पोंचला याचा आम्हांस संतोष वाटतो. आमचा आक्षेप त्यापुढील आहे. विद्यार्थी साधनांचे प्रकार पाठ करतो, परीक्षेंत लिहितो. ‘पारख करावी’ हें वाक्यहि पाठ करतो. पारख मात्र एकदांहि करीत नाहीं. संधीची व्याख्या घोकवून एकहि पद सोडवूं न द्यावें, तशांतलाच हा प्रकार होय.

या दोषाचे आम्ही स्वतः वांटेकरी आहों. शिवजन्माची तिथि आम्ही कित्येक वर्षें फळ्यावर लिहून देत असूं. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, हें कशावरून?” आम्ही उत्तर दिलें, “पुस्तकांत आहे.” मुलगा खालीं बसला. तें उत्तर आम्हांस पुढें फार दिवस बोंचत राहिलें. कारण प्रश्न इतिहासाचा होता व उत्तर केवळ अधिकाराचें होतें.

नंतरच्या वर्षीं आम्ही त्याच तिथीचा धडा निराळ्या रीतीनें घेतला. तीन चिठ्ठ्या केल्या. पहिलीवर उत्तरकालीन बखरींतून आलेली वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथि. दुसरीवर लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रकाशांत आणलेल्या जेधे शकावलींतील फाल्गुन वद्य ३, शके १५५१. तिसरीवर कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांतील वर्ष, तें मात्र अंकांत न लिहितां शब्दांत: भू, बाण, प्राण, चंद्र. भू एक, बाण पांच, प्राण पांच, चंद्र एक हें मुलांनीं हां हां म्हणतां सोडविलें. असे अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, हा नियम सांगतांच एक मुलगी म्हणाली, “पण येथें कोठूनहि वाचलें तरी १५५१च!” तिचें म्हणणें बरोबर होतें.

पुढें शकाचें इसवी सन करतांना निम्मा वर्ग चुकला. १५५१ मध्यें ७८ मिळवून त्यांनीं १६२९ काढलें. फाल्गुनाच्या आधींच इंग्रजी वर्ष पालटतें, म्हणून येथें ७९ मिळवावयाचे, हें पंचांग हातीं दिल्यावर कळलें. मग १६३० आलें. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्यशासनानें २००१ सालीं मान्य केली, हें आम्ही अगदीं शेवटीं सांगितलें.

परंतु खरी अडचण निर्णयाच्या वेळीं आली. “दोन विरुद्ध एक, म्हणून १५५१,” असा वर्गाचा निकाल पडला. निकाल बरोबर, कारण चूक! इतिहासांत मतें मोजावयाचीं नसतात. एकाच बखरीच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षी नव्हेत. जेधे शकावली देशमुखाच्या घरांतील नोंद, तर शिवभारत हें महाराजांच्या हयातींतील संस्कृत काव्य. दोन्हींचा उगम भिन्न, दोन्ही प्रसंगास जवळचीं, आणि तरी एकवाक्यता. यांत खरें बळ आहे. एवढें समजावण्यास दुसरा तास खर्ची पडला. तो वायां गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

या पद्धतीवरहि आक्षेप आहेत. वर्षाच्या अभ्यासक्रमांत सगळेच धडे असे घेतां येणार नाहींत; आमचें म्हणणें वर्षांतून तीन-चार प्रसंगांपुरतेंच आहे. मोडी वाचणारे शिक्षक विरळ झाले आहेत. आणि मूळ कागद मुलांच्या हातीं देणें म्हणजे त्याचा नाश ओढवून घेणें होय. म्हणून मुलांपुढें छायाप्रत ठेवावी व तिच्या शेजारीं बालबोध वाचन द्यावें.

येथें आमचें गाऱ्हाणें संग्राहक बंधूंकडे आहे. एका सद्गृहस्थांनीं आमच्या वर्गासाठीं एका सुंदर मोडी पत्राची छायाप्रत दिली. पण तें पत्र कोणत्या दप्तरांतून आलें, कोणाच्या घरीं होतें, हें त्यांसहि ठाऊक नव्हतें. मुलांनीं नेमकें तेंच विचारलें. कागद जपला गेला होता, त्याची साक्ष मात्र नष्ट झाली होती. संग्राहकांनीं प्रत्येक कागदासोबत तो कोठें व केव्हां मिळाला, याची दोन ओळींची नोंद ठेवावी व तिच्यासह एकेक छायाप्रत जवळच्या शाळेस द्यावी, अशी विनंति आहे.

इतिहासाचा अभिमान शाळेंत शिकविला जातो व शिकविला जावा. पण ज्या अभिमानास ‘कशावरून?’ हा प्रश्न सोसवत नाहीं, तो पहिल्याच खोट्या कागदापुढें फसतो. आमच्या जुन्या विद्यार्थ्यास आज आम्ही ‘पुस्तकांत आहे’ असें म्हणणार नाहीं. त्याच्यापुढें तीन चिठ्ठ्या ठेवूं.