हायरूलमधील धातू : व्याकरण आणि काल

निन्टेन्डो या जपानी कंपनीने मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या व्हिडिओ गेममधील हायरूल या अद्भुत सृष्टीची प्रशंसा पुष्कळदा ‘वास्तव’ या विशेषणाने केली जाते. हे विशेषण दिशाभूल करणारे आहे.

हायरूलमध्ये वादळ सुरू असता धातूचे शस्त्र धारण करणाऱ्या नायकावर वीज कोसळते. त्याच्याजवळ केवळ लाकडी शस्त्रे असतील, तर तो बचावतो. प्रत्यक्षात वीज कोठे पडेल हे मुख्यतः उंची व एकाकी स्थान यांवर ठरते. अंगावरील धातू गौण होय. तीच गोष्ट चुंबकत्वाची. लोह, निकेल, कोबाल्ट यांना चुंबक ओढतो, तांब्याला वा सोन्याला नाही. हायरूलमध्ये मात्र ‘धातू’ हा एकच वर्ग आहे. हा वर्ग पदार्थविज्ञानातील नव्हे, व्याकरणातील आहे : नामाचे लिंग जसे त्याच्या अर्थापेक्षा अन्वयातून कळते, तसा येथील धातू त्याच्या वर्तनातून कळतो.

निर्मात्यांनी २०१७ मध्येच सॅन फ्रान्सिस्को येथील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या व्यवस्थेचे विवरण केले. अग्नी, जल, वीज इत्यादी शक्ती द्रव्याची अवस्था पालटतात. शक्ती शक्तीचीही अवस्था पालटते. द्रव्य मात्र द्रव्याची अवस्था पालटत नाही. सूत्रे तीनच, परंतु त्यांचे प्रयोग अगणित. विजेचा मंडल खंडित असेल, तर खेळाडू आपल्याच तलवारी जमिनीवर ओळीने मांडून तो जोडतो. पूर्वी कधी न ऐकलेले वाक्य आपण निर्वेधपणे रचतो, त्यातलाच हा प्रकार. गारगोटीवर धातूचे शस्त्र आपटल्यास ठिणगी पडते. येथे दोन द्रव्यांच्या आघातातून शक्ती उत्पन्न होते, आणि तिन्ही सूत्रे याविषयी मौन पाळतात. परंतु अशा विशेष नियमांनी व्याकरण ढासळत नाही.

खरी उणीव अन्यत्र आहे. कथेचा नायक शंभर वर्षांच्या निद्रेतून उद्ध्वस्त राज्यात जागा होतो. रानोमाळ गंजलेल्या तलवारी व ढाली सापडतात. त्या गतकालाची साक्ष देतात. परंतु नायकाची तलवार पावसात कितीही भिजली, तरी गंजत नाही. बहुतेक शस्त्रे, मग ती लाकडाची असोत वा लोखंडाची, ठरावीक आघात झाले की तुटतात. म्हणजे गंज हे या सृष्टीत विशेषण आहे; क्रियापद नाही. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे, तर या धातूला एककालिक व्यवस्था आहे, इतिहास नाही.

हा आक्षेप विज्ञानाच्या नावाने घेतलेला नाही. विजेविषयीचा लोकसमज या सृष्टीत नियम म्हणून खपतो, कारण तो सर्वत्र सारखा पाळला जातो. गंजाविषयी मात्र कथा एक सांगते आणि सूत्रे दुसरेच. अद्भुताच्या समीक्षेने बाह्य निसर्गाशी असलेले साम्य मोजण्याऐवजी अशी अंतर्गत विसंगती शोधली पाहिजे. हायरूल ज्या ऱ्हासाचा शोक करते, तो घडवून आणण्याची भाषा तिच्या निसर्गाला अवगत नाही.